नळीच्या डाव्या अंगाला

६ सप्टेंबर

वही दवाखान्यातल्या बाईंनी दिली. रोज रक्तदाब मोजून यात लिहायचा म्हणाल्या. यंत्र दोनदा फुगवलं, दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. खोटारडं यंत्र. म्हणून मी दुसरंच लिहिणार आहे. चौथीपर्यंत शाळा, पुढे मेंढ्या. अक्षर लेंड्यांसारखं विखुरलेलं आहे. कोणी वाचलंच तर त्याचं नशीब.

आज म्हाताऱ्याने बंदूक खाली काढली. (नवऱ्याचं नाव आमच्यात बायको घेत नाही. वहीतही घेणार नाही.) घोड्यावरून पडून गळ्याजवळचं हाड मोडलं, वाकडं जुळलं, तेव्हापासून बंदूक खिळ्यालाच होती. पण यंदा त्याला एका डोंगरबोकडाचा परवाना मिळालाय. तो कागद त्याने आरशाच्या चौकटीत खोचलाय, त्यामुळे मला आरशात अर्धंच तोंड दिसतं. तेवढं पुरे आहे.

गोठ्यामागे जाऊन त्याने पांढऱ्या दगडावर एक बार काढला. एकच. मग गोळ्या खिशात टाकल्या, बंदूक पुसली आणि म्हणाला, "आज वारा आहे."

धुराड्यातला धूर काठीसारखा सरळ वर चालला होता.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने सदरा काढला तेव्हा खांदा काळाजांभळा, कलेजीच्या तुकड्यासारखा. मी म्हटलं, "वाऱ्याने फार मारलं वाटतं."

"गप गं म्हातारे," म्हणाला. मी मेंढीची चरबी चोळली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

९ सप्टेंबर

म्हणतो, बंदूक विकतो.

"विका," मी म्हटलं. "भिंतीला रंग दिला की खिळ्याची खूण जाईल."

मग अंगणात स्टुलावर बसून दुर्बिणीतून काराताशच्या कड्याकडे बघत बसला. चहा थंड झाला. वरची साय सुरकुतली.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"काही नाही बघायला इतका वेळ लागतो?"

मेंढ्या आणायला उठला तेव्हा मी ती दुर्बीण घेतली. सहज. त्याला खरंच काही दिसलं नसणार. कड्यातल्या लाल भेगेच्या खाली चार माद्या होत्या, एक पिल्लू. त्याला आयुष्यात कधी बोकड आधी दिसला नाही. बघायचे मी. नमदा, म्हणजे लोकरीची जाड चटई, पसरून त्याच्या डाव्या अंगाला पोटावर झोपायचं, आणि कानाशी सांगायचं, तो काळा दगड, त्याच्या खाली, हलला बघा, तो. डोळा माझा, बोट त्याचं. मुली लहान होत्या तेव्हा त्यांना सासूकडे टाकून जायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, ही कसली सून. अशी सून, की त्यांच्याही कढईत मांस पडायचं.

बार कानाशी उडून उडून तेव्हापासून माझ्या उजव्या कानात किटली उकळते. कोणी ती उतरवत नाही.

आता मला काय. मला दुखरे गुडघे आहेत.

१४ सप्टेंबर

जावई आला. शेरगाझी. म्हाताऱ्याला आबा, मला अपा म्हणतो. ट्रक चालवतो, त्यामुळे दुनियेतलं सगळं त्याला माहीत असतं. येताना कलिंगडं आणली आणि अक्कल आणली. कलिंगडं चांगली निघाली.

"आबा, बंदूक विकू नका. नळीला ब्रेक बसवू."

मी बोरसोकांचे कणकेचे तुकडे तळत होते. झारा हातात तसाच राहिला. "बंदुकीला ब्रेक? ती काय घाटातून उतरते?"

"अपा, ऐका तरी. नळीच्या तोंडाला एवढासा लोखंडी तुकडा बसतो. त्याला बाजूला खाचा असतात. बार उडाला की वायू पुढे न जाता खाचांतून बाजूला फेकला जातो. बंदूक मागे लाथ मारायची ती निम्मी होते. आबांच्या खांद्याला कळणारही नाही."

"आणि जो वायू बाजूला जातो तो जातो कुठे?"

"बाजूला."

"बाजूला कोणी नसतं का?"

"बाजूच्याने मागे बसायचं, अपा. आवाज फार येतो. कान फुटायचे."

म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

मी सांगितलं, की आवाजाने मेंढ्या गाभडतील. कोंबड्या अंडी देणार नाहीत. शेजारच्या बुरुलची गाय आधीच वेडी आहे, ती पुलावरून उडी घेईल. लोखंड जड होऊन नळी वाकेल. आणि शिवाय ते दिसतंही वाईट, म्हाताऱ्या बैलाला मुसकं घातल्यासारखं.

जावई हसला. म्हातारा हसला नाही. "हे झालं मेंढ्यांचं आणि कोंबड्यांचं," म्हणाला. "तू काय म्हणतेस?"

"बंदूक तुमची, खांदा तुमचा. मला कशाला विचारता?"

तो बघतच राहिला. असा काय बघतो कोण जाणे. बोरसोक करपले.

२१ सप्टेंबर

नारिन शहराला गेलो. गेनादी नावाचा रशियन आहे, बसडेपोच्या मागे त्याचं लेथ. कागदपत्रं बघून त्याने बंदूक घेतली, नळीत डोळा घातला, मग म्हाताऱ्याचा खांदा दाबला. म्हातारा कळवळला.

"नळी आखूड, गोळी मोठी," गेनादी म्हणाला. "हिची लाथ मलासुद्धा नको. ब्रेक बसेल. टोकाला आटे पाडतो, वरून फिरवून बसवायचा. नको झाला तर काढता येतो. फक्त ध्यानात ठेव, बसवला की गोळी वेगळ्या जागी जाईल, काढला की पुन्हा वेगळ्या. दर वेळी दगडावर मारून बघायचं." मग मला विचारलं, "शिकारीला याच्या शेजारी कोण असतं?"

म्हातारा टोपी काढून तिच्या आत बघत बसला, जसं काही उत्तर तिथे शिवलंय.

"कोणी नसतं," मी म्हटलं. "मला गुडघे आहेत."

"मग बसवायला हरकत नाही," गेनादी म्हणाला. "करू ना?"

म्हातारा पुन्हा माझ्याकडे वळला. तिसऱ्यांदा. परक्या माणसासमोर. मला रागच आला. म्हटलं, "अहो, नवरीला विचारल्यासारखं काय विचारताय? करा."

"कर," तो गेनादीला म्हणाला.

लेथवर नळीचं टोक फिरायला लागलं. चकचकीत बारीक कीस खाली पडत होता. मी बाहेर जाऊन बसस्टॉपवर बसले. उन्हात बरं वाटत होतं.

२४ सप्टेंबर

गोठ्यामागे नमदा टाकला. म्हातारा झोपला. मी त्याच्या डाव्या अंगाला झोपले.

"तू कशाला?"

"नमदा उडेल."

जावयाने कानावर बसवायचे ते कप ठेवून दिले होते. मी लावले, वरून रुमाल बांधला. म्हातारा काही बोलत होता, नुसते ओठ हलताना दिसले. माशासारखे. इतक्या वर्षांत याच्या शेजारी झोपून त्याचं बोलणं ऐकू आलं नाही असं कधी झालं नव्हतं.

बार उडाला.

पुढचं काय सांगू. कोणीतरी दार काढून तोंडावर मारलं. रुमाल गेला, कप डाव्या कानावरून सरकला, दातांत वाळू, नाकात बंदुकीची दारू. क्षणभर वाटलं, मेले, आणि बाकीच्या बायका म्हणणार, काय मूर्ख बाई, नवऱ्याच्या हाताने मेली.

म्हातारा उठून बसला. खांदा चाचपला, पुन्हा चाचपला. आणि हसला. हे हसणं मी विसरले होते. वरचे दोन दात नाहीत, तरी तेच हसणं. बंदूक गालाला लावून त्याने तिचा मुकाच घेतला, निर्लज्ज.

मग माझ्याकडे बघितलं. पुष्कळ काही विचारत होता. एक अक्षर ऐकू आलं नाही. पण त्याचा खांदा दुखत नव्हता, एवढं दिसत होतं ना.

मी म्हटलं, "छान आहे. असू दे."

त्याचं हसणं थांबलं. का ते समजलं नाही. मी केस झटकत आत गेले.

२८ सप्टेंबर

आता दोन्ही कानांत किटल्या. उजवीकडची जुनी, डावीकडची नवी, नवी जास्त तोंडाळ. कोणाला सांगितलं नाही. गाईला सांगितलं.

१० ऑक्टोबर

उद्या निघणार. म्हातारा आणि जावई. बोरसोक, सुकं मांस, चहा, साखर बांधून दिली. कपड्यांच्या तीनदा घड्या घातल्या, म्हाताऱ्याने तीनदा उपसल्या.

११ ऑक्टोबर

गेले. घोड्यावर बसायला म्हाताऱ्याने वेळ लावला. खोगिराचा तंग ओढला, सैल केला, पुन्हा ओढला. घोडा वैतागला.

"दुर्बीण कोणाला देऊ?" विचारतो.

"कोणाला म्हणजे? जावयाला द्या."

"त्याला दिसतं का?"

"तरुण आहे, डोळे आहेत."

डोळे आहेत, उकडलेल्या बटाट्यासारखे. पण ते मी बोलले नाही.

म्हाताऱ्याने दुर्बीण गळ्यातून काढायला फार वेळ घेतला. पट्टा टोपीत अडकला म्हणे. मी फाटक धरून उभी होते. हात गारठले. शेवटी म्हटलं, "जा आता, नाहीतर बोकड म्हातारपणाने मरेल."

१२ ऑक्टोबर

नमदा उन्हात घातला. ढग होते, तरी घातला. अंगणात पसरला की त्याच्यावर बसावंच लागतं, कोंबड्या घाण करतात. बसले. तिथून काराताश दिसतो. म्हणजे तो सगळीकडूनच दिसतो, तो काही माझ्यासाठी तिथे नाही.

या वेळी बोकड वरच्या सपाटीवरून लाल भेगेकडे उतरतात. जावई वरच बघत बसेल. तरुण माणसं वरच बघतात. खाली बघ रे, सावलीत बघ, असं त्याला कोण सांगणार.

एवढा मोठा आवाज, इथपर्यंत यायला हवा. आला नाही. किंवा आला असेल आणि माझ्या किटल्यांनी खाल्ला असेल.

१४ ऑक्टोबर

आधी सगळं लिहून टाकते.

दुपारी पुलापलीकडे शेण्या गोळा करायला गेले होते. शेण्या अंगणाजवळही होत्या. तिथल्या ओल्या होत्या. बुरुल पुलाच्या गावाकडच्या टोकाला गाईला ओढत होती. तेवढ्यात नदीकडून दोन घोडे दिसले, आणि मागच्या घोड्यावर आडवा बोकड, शिंगं खोगिराच्या खाली लोंबतात एवढी मोठी.

म्हातारा पुढे. खांदा सरळ. पण तोंड कसं? शेतावरून परत येणाऱ्या माणसासारखं. बोकड मारून आलेल्याचं नव्हे.

"कसं झालं?" मी विचारलं.

"झालं," म्हणाला. "पहिला गेला. हा म्हणतो, तिथे, तिथे. तिथे म्हणजे कुठे, ते विचारेपर्यंत गेला. दुसरा आपणच समोर येऊन उभा राहिला, त्याला कंटाळा आला असेल." मग थोडं थांबून, "हा खोकतो फार."

"आबा, मी एकदाच खोकलो," जावई म्हणाला. "आणि मागे दगडापाशी बसलेलो, तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"तेच ना. मागे बसला होतास."

तेवढ्यात बुरुलने गाय सोडली आणि धावत यायला लागली. काय म्हणायला येतेय ते मला माहीत होतं. शिकार घेऊन येणाऱ्याला वाटेत जो गाठतो आणि 'शिराल्गा' म्हणतो, त्याला शिकाऱ्याने मागेल ते द्यायचं. नाही म्हणायचं नाही. मान, मांडी, कातडं, मागेल ते. राजाला नाही म्हणता येतं, शिराल्ग्याला नाही. फक्त घरच्या बाईने म्हणायचं नसतं. तिच्याच कढईत सगळं यायचं, तिने काय मागायचं. माझ्या आईने म्हटलं नाही, सासूने म्हटलं नाही.

बुरुल पुलाच्या मध्यावर होती. मी टोपली खाली ठेवली आणि घोड्याचा लगाम धरला.

"शिराल्गा," मी म्हटलं.

बुरुल जागीच थांबली. मग तोंडावर रुमालाचं टोक धरून खिदळायला लागली. "अगं बाई, उमसुनाई अपा! घरची मालकीण भीक मागतेय! अपा, उपाशी ठेवतो का हो म्हातारा?"

"तू तुझी गाय बघ, ती नदीत चाललीय," मी म्हटलं.

जावई म्हणाला, "अपा, तुम्हाला कशाला मागायचं? सगळं तुमचंच आहे."

म्हातारा हसलाही नाही, रागावलाही नाही. घोड्यावरून उतरला. शिराल्गा म्हटल्यावर उतरायचं असतं. "माग," म्हणाला. "काय हवं? मांडी?"

"मांस नको."

"मग?"

सगळं तोंडात गोळा झालं होतं. या वेळी मेंढ्यांचं नाही, कोंबड्यांचं नाही. "तो ब्रेक काढा. वर जाऊ. बंदूक मी चालवते, माझे खांदे धड आहेत. लाथ मी खाते. आणि बघायचंही माझं मीच बघते."

"मग माझं काय काम?"

"शेजारी."

तो माझ्या हातातल्या लगामाकडे बघायला लागला. मग मीच म्हटलं, "वारा अडतो तुमच्यामुळे."

"परवाना संपला, अपा," जावई मधेच बोलला. "एकच होता."

"लांडग्याला परवाना लागत नाही," म्हातारा त्याच्याकडे न बघता म्हणाला. मग माझ्या हातातला लगाम घेतला. त्याचा हात गरम होता. "दिला," म्हणाला. "शिराल्गा दिला. किती दिवस लावलेस मागायला."

म्हणजे काय ते मी विचारलं नाही. बुरुलला मानेचं मांस दिलं, नाहीतर गावभर तोंड वाजवत फिरली असती. तरी फिरलीच.

२० ऑक्टोबर

ब्रेक फिरवून काढला. गेनादीने आट्यांवर बसवायला छोटी टोपी दिली होती, ती बसवली. म्हातारा नमद्यावर माझ्या डाव्या अंगाला झोपला. आता तो डावीकडे. विचित्र वाटलं, उलटा कोट घातल्यासारखं.

पहिली गोळी दगडाच्या वरून गेली. दुसरी कुठे गेली ते देवालाच माहीत. खांद्यावर घोड्याने लाथ घातल्यासारखं झालं. कितीही शिव्या आठवल्या तरी कमीच पडल्या.

"श्वास सोड," कानाशी पुटपुटला. "सगळा सोड. मग ओढ."

"गोठ्यामागे आहोत, दगडाला मारतोय. हळू कशाला बोलताय?"

"सवय," म्हणाला.

तिसरी लागली. दगडाची कपची उडाली. म्हातारा इतका ओरडला, की बुरुलची गाय पळाली असेल.

लांडगा गेल्या आठवड्यात वरच्या वाडीवरचं शिंगरू घेऊन गेला. या शनिवारी जायचं ठरलं.

२५ ऑक्टोबर

बर्फ. पहाटेपासून. काराताश दिसत नाही, गोठाही नीट दिसत नाही. वरची वाट बंद. आता वसंतापर्यंत कोणी वर जाणार नाही.

नमदा गुंडाळून माळ्यावर टाकला.

९ नोव्हेंबर

दवाखान्यातली बाई आली. माझा रक्तदाब बघायला आली आणि वहीत आकडे नाहीत म्हणून ओरडायला लागली. म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली तसा तिने मला सोडून नळी त्याच्या छातीला लावली. पाठीला लावली. पुन्हा छातीला. फार वेळ ऐकत होती. याच्या छातीत एवढं ऐकण्यासारखं काय आहे? नारिनला नेऊन फोटो काढा म्हणाली, लवकर.

"बर्फ वितळल्यावर," म्हातारा म्हणाला.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाऊ."

हल्ली गोठ्यापर्यंत जाताना तो दगडी कुंडाच्या काठावर बसतो. म्हणतो, गाय बघतोय. गाय आत असते.

१६ नोव्हेंबर

आज जेवताना वाटी बाजूला सारून म्हणाला, "वसंतात तू शेरगाझीला घेऊन वर जा. तो मागे बसेल. खोकू नकोस म्हणून सांग."

मी भाकरी मोडत होते. मोडतच राहिले.

"मी शिराल्गा कोणाकडे मागितला?"

"म्हातारे..."

"कोणाकडे मागितला? शेरगाझीकडे?"

"माझ्याकडे."

"कुठे दिला?"

"पुलापाशी."

"कोणाच्या समोर?"

"बुरुलच्या." त्याला हसू यायला लागलं होतं, खोकल्यात मिसळून. "बुरुलच्या आणि तिच्या गाईच्या."

"मग? शिराल्गा देऊन मागे फिरलेला शिकारी तुम्ही ऐकलाय कधी? मी नाही ऐकला. बुरुल पोराबाळांना सांगत सुटेल, अमक्याने दिला आणि फिरवला. मला त्या पुलावरून जायला लाज वाटेल."

त्याने वाटी पुन्हा पुढे ओढली.

"म्हणजे वसंतापर्यंत जगावं लागणार," म्हणाला.

"लागणार."

"रस्सा वाढ मग."

वाढला. दोनदा वाढला.

उद्या सकाळच्या बसने नारिनला जातोय, फोटो काढायला. खिडकीची जागा त्याला देणार आहे. तिथून सारा वेळ काराताश दिसतो. मी डावीकडे बसेन. आणि बर्फात त्याला काही दिसणार नाही, हे मला माहीत आहे, म्हणून कानाशी सांगायचं काम माझंच.